दुपारी साडेबाराला बागेला कुलूप का? महापालिका आयुक्त आणि उद्यान अधीक्षकांना खुले पत्र

मा. आयुक्त साहेब आणि मा. उद्यान अधीक्षक साहेब,

सादर नमस्कार.

आमच्या वसाहतीला लागून महापालिकेची बाग आहे. पावणेदोन एकरांची, 35 वर्षांपूर्वीची. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सुशोभीकरणासाठी ती बंद केली आणि जूनमध्ये फीत कापून पुन्हा उघडली. त्याच दिवशी फाटकावर नवा फलक लागला: सकाळी 6 ते 10, संध्याकाळी 5 ते 8. त्याआधी बाग दिवसभर उघडी असायची. पहाटे माळीकाका फाटक उघडायचे, रात्री रखवालदार लावायचा, मधल्या वेळात कुणी कुणाला अडवत नसे. आता दिवसाचे सात तास तिथं कुलूप असतं. मला या सात तासांबद्दल लिहायचं आहे.

गेल्या दहा महिन्यांत मी क्षेत्रीय कार्यालयात दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. उद्यान विभागात स्वतः जाऊन आले. माहितीच्या अधिकारातही विचारलं. अर्जांचं लेखी उत्तर आजतागायत आलेलं नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण ज्यांचं या कुलपामुळे अडलंय त्यातले बहुतेक जण अर्ज करणाऱ्यांतले नाहीत.

आधी माझं सांगते. मी घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. यजमान एका कारखान्यात 22 वर्षं फिटर होते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर कारखाना बंद झाला. सुरुवातीला वाटलं, नोकरी गेली आहे, माणूस खचणारच. मग ते जेवेनासे झाले. आंघोळ राहायला लागली. मुलीनं हाक मारली तरी मान वर करेनात. रात्री अडीच-तीनला उठून बाहेरच्या खोलीत दिवा न लावता बसून राहायचे. नातेवाइकांपैकी कुणी नवस बोलायला सांगितलं, कुणी बाहेरचं काही आहे का बघा म्हणालं. शेवटी माझ्या भावानं हट्टानं डॉक्टरांकडे नेलं. नैराश्य, असं निदान झालं. घरात हा शब्द उच्चारायला मला पुढं महिनाभर लागला. आज तो सगळ्यांसमोर लिहिते आहे तो यजमानांना विचारून. ते म्हणाले, लिही, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे जातील. तोवर आणि त्यानंतरही यांना रोज घराबाहेर काढा, जिथं झाडं असतील तिथं पाऊण तास न्या. फिरले तर उत्तम, नाही तर नुसतं बसू द्या.

मी दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांना उठवायला गेले. शहाणी माणसं पहाटेच फिरायला जातात, एवढंच मला ठाऊक होतं. ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी चिडले, रडले, नको ते बोलले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी समजावलं: या आजारात पुष्कळ जणांची सकाळ सगळ्यांत जड असते. झोप अर्धवट झालेली असते, गोळीची गुंगी उतरलेली नसते, आणि अख्खा दिवस समोर उभा असतो. यजमान नंतर बोलायला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं की सकाळी छातीवर कुणी सिमेंटची गोणी ठेवून गेल्यासारखं वाटायचं. ती गोणी अकराच्या पुढं जराशी हलायची. साडेबाराला ते चपला घालू शकायचे.

साहेब, आपल्या फलकावरची सकाळची वेळ धडधाकट माणसांची आहे. ज्याला पहाटे पाचला उठून बूट घालता येतात त्याच्यासाठी ती आहे. तसं फिरणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण ज्या माणसाला त्या बागेची सगळ्यांत जास्त गरज असते त्याला दहाच्या आत तिथं पोचता येत नाही. मी हे घरात पाहिलं आहे. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

तेव्हा बाग उघडी होती. मार्च महिना, ऊन मी म्हणत असलेलं. पण मधल्या गोल चौथऱ्याजवळ बकुळीची दोन झाडं आहेत, त्यांची सावली दाट, आणि पहिल्या झाडाखाली एक जुना सिमेंटचा बाक होता. आम्ही तिथं बसायचो. मी हातशिलाई घेऊन जायची, हुक लाव, बटणं लाव. पहिले दहा-बारा दिवस हे मान खाली घालून बसून राहिले. एक दिवस खाली वाकून त्यांनी बकुळीचं एक फूल उचललं. मग दुसरं. बाकाच्या कडेला ओळीनं मांडत गेले, ताजी फुलं एका बाजूला, वाळून तपकिरी झालेली दुसऱ्या बाजूला. फिटर माणूस, सुटे भाग नीट मांडून ठेवायची सवय हाताला होती. कितीतरी दिवसांनी मी ते हात काही करताना पाहिले.

नंतर केव्हातरी वडावर तांबट पक्षी ओरडत होता. भर उन्हातच तो जास्त ओरडतो. तांब्याच्या भांड्यावर ठोके घालावेत तसं टुक, टुक, टुक, न थांबता. हे वर बघून म्हणाले, “दोन आहेत. एक थांबला की दुसरा धरतो.” तीन आठवड्यांत आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी हातातली सुई तशीच धरून बसले होते.

त्या दिवशी ते बरे झाले, असं काही झालं नाही. पुढं सात-आठ महिने गेले, मध्ये एकदा गोळ्या बदलाव्या लागल्या, एकदा फार वाईट दिवस आले. गोळ्या आजही चालू आहेत आणि डॉक्टर सांगतील तोवर चालू राहतील. झाडाखाली बसलं की नैराश्य जातं असं मी म्हणत नाही, आणि हे वाचून कुणी औषध सोडू नये. पण त्या बाकानं आमच्या दिवसाला एक खुंटी दिली. साडेबाराला निघायचं. मग हळूहळू दाढी, आंघोळ, दोन घास, सगळं त्या साडेबाराच्या अलीकडं येऊन बसलं.

मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाग बंद झाल्यावर मी अर्ज लिहायला बसले तेव्हा ती म्हणाली, आई, नुसतं आपलं सांगू नकोस, यावर जगभर अभ्यास झालेत. रोज रात्री ती वाचून मराठीत सांगायची आणि मी वहीत उतरवून घ्यायची. त्यातलं थोडं इथं देते, कारण उद्यान विभागात मला “ताई, झाडं बघून कुठं आजार जातात का” असं हसत विचारलं गेलं होतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिख या संशोधकानं तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. बाकी सगळं शक्य तेवढं सारखं. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. हे 1984 साली प्रसिद्ध झालं. ती तर झाडं नुसती खिडकीतून दिसत होती, खाली जाऊन बसणंही नव्हतं.

दुसरा अभ्यास मला सगळ्यांत जवळचा वाटला. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 38 जणांना दीड तास चालायला पाठवलं, काहींना झाडाझुडपांतून, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेनं. झाडांतून चालून आलेल्यांच्या मनात स्वतःबद्दलचे तेच ते वाईट विचार उगाळणं कमी झालं, आणि मेंदूच्या ज्या भागाचा अशा उगाळण्याशी संबंध आहे तिथली हालचालही मंदावलेली दिसली. रस्त्यावर चाललेल्यांत तसं काही दिसलं नाही. हे 2015 चं. ज्याच्या घरात नैराश्याचं माणूस आहे त्याला हे उगाळणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. माझ्यामुळे झालं, मीच नालायक, आता काय उरलंय. जात्यात एकच दाणा घालून रात्रभर दळत बसावं तसं. बागेत आलं की ते जातं थोडा वेळ थांबतं. रस्त्यावर मन सारखं पहाऱ्यावर असतं, हॉर्न, खड्डा, अंगावर येणारी रिक्षा. झाडाखाली पहारा उठतो. पान हललं तर नजर जाते, नाही गेली तरी काही बिघडत नाही.

इंग्लंडमध्ये जवळपास 20,000 लोकांच्या माहितीवरून 2019 मध्ये असं आढळलं की आठवड्याला एकूण 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक, अजिबात न घालवणाऱ्यांपेक्षा आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. ती 120 मिनिटं एका दमात घालवा की थोडी थोडी, फरक पडत नाही. म्हणजे रोज वीस मिनिटं धरली तरी हिशेब पुरा होतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा 2022 चा अभ्यास तर फक्त पक्ष्यांबद्दल आहे. सुमारे 1,300 लोकांच्या नोंदींतून दिसलं की पक्षी दिसले किंवा ऐकू आले की माणसांना बरं वाटतं, आणि नैराश्याचं निदान झालेल्यांनाही वाटतं. मुलीनं हे वाचलं तेव्हा यजमान आतल्या खोलीतून म्हणाले, तांबट.

आणि खर्चाचं कारण सांगणाऱ्यांसाठी अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. तिथं शहरातल्या पडीक, कचऱ्यानं भरलेल्या 541 मोकळ्या जागा निवडून त्यातल्या काही ठिकाणी नुसता कचरा काढून गवत आणि थोडी झाडं लावली. 2018 मध्ये निष्कर्ष आले: त्या हिरव्या केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांत उदास वाटण्याचं प्रमाण, काहीच न केलेल्या जागांच्या तुलनेत, सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. कारंजं नाही, पुतळे नाहीत. गवत आणि झाडं. आमच्याकडे ती 35 वर्षांची तयार उभी आहेत.

स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर 2018 पासून सरकारी आरोग्यसेवेतले डॉक्टर औषधांच्या जोडीला निसर्गात जाण्याची चिठ्ठी लिहून देतात. आमच्या डॉक्टरांनीही तेच केलं होतं, कागदावर न लिहिता. फक्त त्या चिठ्ठीवरचं औषध आता दिवसाच्या मधोमध मिळत नाही.

आता तक्रारी.

पहिली अर्थातच वेळेची. माझी एकटीची गोष्ट असती तर मी घरातल्या घरात काहीतरी निभावलं असतं. पण जूनपासून मी त्या फाटकाबाहेर दुपारी उभी राहून पाहिलं आहे की तिथं कोण येऊन परत जातं. धुणीभांडी करणाऱ्या बायका सकाळची चार घरं करून बाराला मोकळ्या होतात, संध्याकाळची घरं चारला सुरू होतात. मधल्या वेळात आपल्या घरी जाऊन यायचं तर बसचं भाडं परवडत नाही. पूर्वी त्या वडाखाली डबा खायच्या, नळावर हात धुवायच्या, पदर डोक्याखाली घेऊन अर्धा तास आडव्या व्हायच्या. आता त्या फाटकाबाहेर विजेच्या डीपीच्या सावलीत बसतात. डीपीवर धोक्याची कवटी काढलेली आहे. मी त्यातल्या एकीला विचारलं, तर म्हणाली, “दिवसभर लोकांच्या घरात उभं राहायचं, वहिनी. तो एक तास कुणाच्या घरात नसायचो आम्ही.” मनाच्या आरोग्याबद्दल मी यापेक्षा नेमकं काही ऐकलेलं नाही.

एक आजोबा बायकोला हात धरून आणतात. आजींना विस्मरण आहे. सकाळी त्यांचं आवरेपर्यंत अकरा वाजतात. त्या फाटकाचे गज धरून उभ्या राहतात आणि आत कधी जायचं म्हणून विचारत राहतात, रोज पहिल्यांदा विचारल्यासारखं. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी आहे, तिच्या एका खोलीच्या घरात पाच माणसं आहेत. जेवण पोचवणारी मुलं आहेत, दुपारची गर्दी ओसरली की दुचाकीवरच मान टाकून झोपतात, रस्त्याच्या कडेला, उन्हात. रात्रपाळी करून आलेले आहेत. या सगळ्यांना फलकावरच्या दोन्ही वेळा जमत नाहीत. संध्याकाळी पाच ते आठ त्यांच्या कामाची वेळ असते.

दुसरी तक्रार सुशोभीकरणाची. चार महिने बाग बंद ठेवून तिथं काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. पूर्वी चालायची वाट मातीची होती, आता सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत, थेट झाडांच्या बुंध्यापर्यंत. दुपारी त्यांच्यावरून झळ येते. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत आदेश देताना बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या बकुळीभोवती एक वीतही उरलेली नाही. कुंपणालगत कण्हेर, अडुळसा, घाणेरी माजलेली होती, ती झाडी “अस्वच्छ दिसते” म्हणून काढून टाकली. त्यात बुलबुल घरटी करायचे. खाली सुकलेल्या पानांत सातभाई उकरत असायचे. आता तिथं हिरव्या रंगाचा प्लास्टिकचा गालिचा अंथरला आहे आणि त्यावर फायबरचं जिराफ उभं आहे. करंजाच्या खालच्या फांद्या दिव्यांच्या आड येतात म्हणून छाटल्या. बकुळीखालचा बाक काढून नवे लोखंडी बाक भर उन्हात कारंज्याकडे तोंड करून बसवले. बसणाऱ्यानं कारंजं बघावं अशी अपेक्षा असावी, पण ते ऑगस्टपासून बंद आहे.

तिसरी, ध्वनिवर्धक. प्रत्येक खांबावर एक. सकाळी भक्तिगीतं, संध्याकाळी सिनेमाची गाणी, मध्येमध्ये मालमत्ता कर भरण्याच्या सूचना. गाण्यांशी माझं भांडण नाही. पण ज्याच्या डोक्यात आधीच गलका आहे तो माणूस बागेत कशासाठी येतो? एकदा संध्याकाळी यजमानांना नेलं होतं, पाच मिनिटांत म्हणाले, घरी चल. तांबट असतील तर असतील, ऐकू यायला मार्ग नाही.

चौथी लहान आहे. स्वच्छतागृह बांधलं आहे, त्यालाही कुलूप आहे, बाग उघडी असते तेव्हासुद्धा. बायका बागेत जास्त वेळ का थांबत नाहीत, याचं अर्धं उत्तर त्या कुलपात आहे.

मला तोंडी जी कारणं सांगितली गेली तीही इथं लिहिते, म्हणजे माझी बाजू एकतर्फी राहणार नाही.

दुपारी जोडपी येऊन बसतात, असं सांगितलं. येतात. आमच्या शहरात घरांत जागा किती आहे ते सगळ्यांना माहीत आहे, दोन तरुण माणसं बाकावर बोलत बसली तर त्यात महापालिकेनं घाबरण्यासारखं काय आहे? दारू पिणारे आत शिरतात, हे कारण खरं आहे, मीही पाहिलं आहे. पण ते तेव्हाच यायचे जेव्हा बागेत बाकी कुणी नसायचं. चार बायका डबा खात असल्या, दोन म्हातारी माणसं बसलेली असली, की बाटली घेऊन कुणी आत येत नसे. माणसं असली की जागा राखली जाते. आता बाग दुपारभर ओस असते आणि मागच्या कुंपणाची जाळी कापलेली आहे. बाटल्या आतच सापडतात. कुलूप फाटकातून सरळ आत जाणाऱ्यांनाच तेवढं लागलं आहे.

रखवालदार दोनच पाळ्यांचे मंजूर आहेत, असं तिसरं कारण. हे मला समजतं. दुपारी फाटकावर जो रखवालदार असतो तो बिचारा मला बघून नजर चुकवतो. “वहिनी, मला वरून ऑर्डर आहे,” म्हणतो. म्हणजे कुलूप सांभाळायला माणूस आहे. तोच माणूस उघड्या फाटकाशी बसू शकतो, आणि त्याच्या खुर्चीवरही सावली येईल. झाडांना पाणी घालणं, झाडलोट ही कामं दुपारी करतात म्हणाले. बाग दिवसभर उघडी होती तेव्हा माळीकाका आमच्या पायांजवळून पाइप ओढत न्यायचे. आम्ही पाय वर घ्यायचो.

माहितीच्या अधिकारात मी एवढंच विचारलं होतं की वेळ बदलण्याचा निर्णय कुणी, कोणत्या ठरावानं आणि कोणत्या तारखेला घेतला. उत्तर आलं, “सदर बाबतची नोंद अभिलेखात आढळून येत नाही.” निर्णयाचा कागदच नाही. मग हे कुलूप कुणाच्या सहीनं लागलं आहे?

बाकी शहरांत काय चालतं तेही आपल्याला माहीत असेलच. दादरच्या शिवाजी पार्कला फाटकच नाही. दुपारी दोनला जा, कट्ट्यावर झाडाखाली माणसं बसलेली असतात. दिल्लीचं लोधी गार्डन सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं असतं. बंगळुरूत बागा मधल्या वेळात बंद ठेवायची पद्धत होती. 2024 मध्ये त्या पहाटे 5 ते रात्री 10 अशा सलग उघड्या ठेवायचं ठरलं. तिथंही जोडपी असतील, दारू पिणारे असतील, रखवालदारांची टंचाई असेल.

शिवाय ही मेहेरबानीची गोष्ट नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनं संविधानात बारावी अनुसूची आली, त्यात नागरी संस्थांच्या कामांमध्ये उद्यानं, बगीचे आणि खेळाची मैदानं ही नागरी सुविधा म्हणून लिहिलेली आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चा आहे, त्याच्या कलम 29 मध्ये मानसिक आरोग्याचं संवर्धन आणि आजार टाळण्यासाठीचे कार्यक्रम आखणं ही शासनाची जबाबदारी सांगितली आहे. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली, त्यात दर 100 प्रौढांमागे 10 हून अधिक जणांना मानसिक आजार असल्याचं दिसलं आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. हे प्रमाण मी आमच्या प्रभागाला लावून पाहिलं. आमच्या गल्लीतच दारं लावून किती जण बसले असतील! मानसोपचारतज्ज्ञ एका रात्रीत तयार होत नाहीत, रुग्णालयं बांधायला वर्षं लागतात. फाटक उघडायला एक चावी लागते.

बाग बंद झाली म्हणून ह्यांचा आजार उलटला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलेलं नाही. पण गेल्या नोव्हेंबरपासून पुन्हा सकाळी गोणी येऊन बसते. ते आता एका दुकानात अर्धवेळ हिशेब बघतात, दुपारी एकला सुटतात, आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडतात. मी म्हणते, चला थोडं बाहेर. ते विचारतात, कुठं? त्याचं उत्तर माझ्याकडे पूर्वी होतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

1. बाग सकाळी 6 ते रात्री 8 सलग उघडी ठेवावी, आणि हे येत्या 1 तारखेपासून व्हावं. कायमचा निर्णय घ्यायला वेळ लागणार असेल तर तीन महिने करून बघावं. काय बिघडतं त्याची नोंद रखवालदाराकडच्या वहीत ठेवावी आणि ती वही आम्हालाही दाखवावी.

2. ध्वनिवर्धक बंद करावेत. सण-समारंभाचे दिवस सोडून रोज.

3. झाडांच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक निदान एक मीटर काढावेत आणि ते पावसाळ्याआधी काढावेत, म्हणजे मुळांना या पावसाचं पाणी मिळेल. कुंपणालगत पुन्हा झाडी लावावी आणि ती वाढू द्यावी.

4. बाक सावलीत हलवावेत. बकुळीखाली निदान दोन. स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याचा नळ बाग उघडी असेल तेवढा वेळ उघडा असावा.

5. फाटकावरच्या फलकावर “टेली-मानस” या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत मराठीत लिहावा. ही सेवा मोफत आहे आणि दिवसरात्र चालते. आमच्या घरी तो क्रमांक वेळेवर माहीत असता तर आमचे चार महिने वाचले असते.

6. यापुढं कुठल्याही बागेचं सुशोभीकरण करायचं तर आराखडा आधी महिनाभर फाटकावर लावावा आणि रोज येणाऱ्यांना विचारावं. दुपारी येणाऱ्यांनाही.

वेळ बदलण्याच्या मागणीवर आमच्या वसाहतीतल्या आणि आजूबाजूच्या 212 जणांच्या सह्या आहेत. त्यातले 41 अंगठे आहेत. मूळ कागद मी क्षेत्रीय कार्यालयात तिसऱ्या अर्जासोबत देते आहे.

येत्या सोमवारपासून रोज दुपारी साडेबारा ते दीड आम्ही फाटकाबाहेर बसणार आहोत. घोषणा नाहीत, रस्ता अडवणार नाही. बायका डबे आणतील, मी हातशिलाई आणेन, आजोबा आजींना घेऊन येतील. यजमानांनी येईन म्हटलं आहे. आपल्यापैकी कुणी यावं, आमच्याशी बोलावं, आणि येताना चावी घेऊन यावं, ही विनंती.

आपली नम्र,
बागेशेजारच्या वसाहतीतली एक रहिवासी